अजबबंगल्यात एक दालन अक्षरांचं आणि आवाजांचं हवं

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन
आणि
मा. अभिरक्षक, मध्यवर्ती संग्रहालय, नागपूर

महोदय,

सविनय नमस्कार.

मी नागपूरचा. आयुष्य छापखान्यात गेलं. आधी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, प्रुफांवर, मग डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर जुळवलेल्या पानांच्या, कागदांवर आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावर मुद्रितशोधन केलं. त्या कामात जे पाहिलं, त्याच्या आधारावर एक मागणी आपल्यापुढे ठेवतो. मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आमच्या अजबबंगल्यात, माणसाने निरोप, चित्र आणि आवाज कसे टिकवले आणि दुसऱ्यापर्यंत कसे पोचवले, हे दाखवणारं एक दालन उभारावं. त्याला जोडून विदर्भातल्या छापील आणि ध्वनिमुद्रित ठेव्यासाठी एक केंद्र सुरू करावं. दालन दोन वर्षं उशिरा झालं तरी चालेल. केंद्राला उशीर परवडणार नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठीच पत्र लांबणार आहे.

काटोल रस्त्यावर जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. त्यातल्या काही शिळांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. कठीण दगडात इतक्या मेहनतीने खळगे कोणी उगाच पाडत नाही. पण ते कोणासाठी होते आणि त्यातून काय सांगायचं होतं, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दगड राहिला, खुणा राहिल्या, वाचणारा गेला. विद्येच्या आणि कलेच्या बाबतीत आपलं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं. वस्तू शिल्लक असते आणि तिची किल्ली हरवलेली असते.

आपल्याच संग्रहातलं उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा आपल्याकडे आहे. तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला मौर्यकाळातला, प्राकृतात, प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई करणारा. दुसरा वाकाटक राजा रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा, संस्कृतात. दोहोंमध्ये कित्येक शतकांचं अंतर, तरी दगड तोच. पुढच्या काळात या लेखांची ब्राह्मी लिपी वाचणारं देशात कोणी उरलंच नाही. अशोकाच्या आज्ञा उघड्यावर उभ्या होत्या, माणसं त्यांच्यासमोरून जात-येत होती आणि कोणाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तेव्हा कुठे ते दगड पुन्हा बोलू लागले. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी देवटेकचे लेख अभ्यासले आणि वाकाटकांच्या लेखांचा मोठा ग्रंथ १९६३ साली सिद्ध केला. नागपुरात बसून एका माणसाने केवढं काम केलं, हे आमच्या शाळांतल्या मुलांना माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निरोप घेऊन जाणाऱ्या, कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या रामटेकच्या मेघाचा दाखला या विषयावर बोलणारे सगळेच देतात, म्हणून मी त्याच डोंगराच्या पायथ्याशी, नगरधनला येतो. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. आपल्या संचालनालयाने आणि डेक्कन कॉलेजने २०१५ ते २०१८ या काळात तिथे उत्खनन केलं आणि राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाचं मातीचं मुद्रांकन हाती आलं. मातीच्या गोळ्यावर उमटवलेला एवढासा ठसा, पण त्याचं काम मोठं होतं. ठसा शाबूत म्हणजे पाठवणारी व्यक्ती खरी आणि वाटेत कोणी हात लावलेला नाही. निरोप पोचवण्याइतकीच तो खरा असल्याची खात्रीही माणसाला हवी असते, आणि पंधराशे वर्षांपूर्वी विदर्भात त्याची व्यवस्था होती.

याच वाकाटकांचे ताम्रपट पाहावेत. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटीशी चौकोनी पेटी, म्हणून अभ्यासक या वळणाला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. मला ते विदर्भाचं सगळ्यात देखणं अक्षर वाटतं. शिलालेख वाटसरूंसाठी असतो. ताम्रपट ज्याला जमीन दिली त्याच्यासाठी आणि उद्या ती जमीन काढून घ्यायला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असतो, म्हणून शेवटी दान मोडणाऱ्याला नरकाची भीती घातलेली असते. मजकूर कोणाच्या हातात राहणार यावर त्याचं साहित्य ठरतं, आणि साहित्यावर अक्षराचं वळण. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी सळईने लिहायचे, आडव्या रेघेने पान चिरायचं, म्हणून तिकडची अक्षरं गोल झाली असं अभ्यासक सांगतात. आपल्याकडे तिरका कापलेला बोरू होता. देवनागरीत कुठे जाड आणि कुठे बारीक ही जी रेघ दिसते ती बोरूच्या टोकाची देणगी आहे. बोरू गेला तरी आजचा संगणकावरचा फॉन्ट तीच रेघ पाळतो.

आता अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरकडे वळतो. महानुभाव पंथाने तेराव्या शतकात मराठी गद्याचा पाया तिथे घातला आणि पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. ग्रंथ परक्या हाती पडू नयेत, पडले तर वाचता येऊ नयेत, ही त्यामागची इच्छा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपींची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मिळाली, तोवर मराठीचं इतकं जुनं आणि इतकं जिवंत गद्य आहे याची बाहेरच्या जगाला कल्पना नव्हती. पंथातल्या लोकांनी मात्र ती किल्ली पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. हे लक्षात ठेवावं अशी विनंती, कारण पुढे मी ज्या कुलुपांबद्दल लिहिणार आहे त्यांची किल्ली कोणीही जपलेली नाही.

मोडीचं तर आपल्याला माहीतच आहे. नागपूरकर भोसल्यांचा कारभार मोडीत चालला. हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी घडलेली लिपी ती. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरीत छापलं आणि १८१० चा कोश मोडी खिळ्यांत. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पण एकमेकांत वाहत जाणारी अक्षरं सुट्या खिळ्यांत बसवणं कठीण, आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, सरळ उभी राहणारी. छापखान्याने बाळबोधीला उचललं, शाळांनी छापील पुस्तक उचललं, आणि मोडी दप्तरात राहिली. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी ठरलेल्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, जागा मिळाली, म्हणजे संगणकाला आता मोडी येते. दप्तरखान्यातला कागदांचा रुमाल सोडून ओळ वाचणारी माणसं तेवढी दुर्मीळ झाली.

छपाईने सगळं बदललं असं आपण सहज म्हणतो. ते एका दिवसात झालं नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं तेव्हा शाईत चरबी असते या शंकेने सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत, म्हणून त्यांना तुपाची शाई करावी लागली. त्यानंतर वर्षभरात, ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. ज्यांना पोथीला हात लावायची मुभाच नव्हती त्यांच्या हाती स्वतःचा छापील कागद यायला मात्र आणखी खूप वर्षं गेली. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं. यंत्र आलं म्हणून आवाज मिळाला असं होत नाही. यंत्रावर कोणाचा हात पोचतो हे वेगळं पाहावं लागतं, आणि आपल्या दालनाने तेही दाखवावं.

खिळ्यांचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. देवनागरी जुळवायला शेकडो प्रकारचे खिळे लागत. पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, सगळ्यांना वेगळा खण. खिळे जुळवणारा जुळारी केसांच्या, म्हणजे या खणांच्या पेट्यांच्या, मध्ये उभा. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, नजर हस्तलिखितावर, आणि उजवा हात न पाहता नेमक्या खणात जाणारा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे ओळ उलटी वाचायची. ओळी गॅलीत, म्हणजे लांबट ताटात, चढायच्या, गॅलीचं प्रूफ निघायचं, त्यावर आम्ही खुणा करायच्या, मग चिमट्याने चुकीचा खिळा उपसून बरोबरचा बसवायचा. जुळवलेल्या पानांचा फर्मा आवळला की ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या यंत्रावर. छपाई संपली की तो सगळा मजकूर मोडून एकेक खिळा परत आपल्या खणात टाकायचा. हे शेवटचं काम कंटाळवाणं आणि फार जोखमीचं, कारण चुकीच्या खणात पडलेला एक खिळा पुढच्या पुस्तकात चूक होऊन उगवायचा. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले कित्येक जुळारी चौथी-पाचवीच्या पुढे शिकलेले नव्हते. पण ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या बोटांत होतं आणि लेखकाच्या हस्ताक्षरातली खोच त्यांना आमच्याआधी कळायची.

खिळ्यांनी मराठीचं रूपही बदललं. हाताने लिहिताना एकाखाली एक येणारी जोडाक्षरं छापताना शेजारी-शेजारी उभी राहिली. ज्या जोडाक्षराचा खिळा केसमध्ये नसेल ते पाय मोडून छापलं जायचं, आणि वाचणाऱ्याला हळूहळू तेच रूप बरोबर वाटू लागायचं. पुढे ऑफसेट आली, डीटीपी आलं आणि शिसं, कथील, अँटिमनीचे ते खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. ते वितळवून काय झालं असेल ते असो. नागपुरात अजूनही काही बंद छापखान्यांच्या माळ्यावर केसा पडलेल्या आहेत, आणि त्या केसांतला कोणता खण कशाचा हे सांगू शकणारे हात सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा धोका. खिळे गेले तरी खिळ्यांनी छापलेलं पुस्तक डोळ्यांनी वाचता येतं. डीटीपीच्या काळातल्या फायलींचं तसं नाही. १९९० च्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत जुळवला गेला. इस्की नावाचं सरकारी प्रमाण १९९१ साली ठरलं होतं, तरी छपाईच्या धंद्यात ज्याचा फॉन्ट त्याची मांडणी असा कारभार चालला. या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. पडद्यावर ‘नागपूर’ दिसायचं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग असायची. तो फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की नुसता गोंधळ. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, देवनागरीसाठी १२८ जागा ठेवल्या, आणि त्यानंतर लिहिलेलं मराठी कोणत्याही फोनवर मराठीच राहतं. त्याआधीचं सगळं मात्र कुलूपबंद पडलं आहे. शिवाय कुलूप एक नाही. फ्लॉपी किंवा जुनी सीडी वाचणारं यंत्र हवं, पानं जुळवण्याची पेजमेकर ही प्रणाली चालवणारा जुना संगणक हवा आणि नेमका तो फॉन्ट हवा. यातलं एक जरी नसलं तरी फाईल मेली.

त्या फायलींत काय आहे? विदर्भातली लघुनियतकालिकं, दिवाळी अंक, संमेलनांच्या स्मरणिका, गावोगावच्या शाळांचे शतक महोत्सवी अंक, वऱ्हाडी आणि झाडीबोलीतल्या कवितांचे छोटे संग्रह, स्वखर्चाने छापलेली आत्मकथनं. शंभर-दोनशे प्रतींची छपाई. ग्रंथालयांत पोचली न पोचली, लेखकाच्या घरच्या पेटीत वाळवीने खाल्ली. छापील प्रत नष्ट झालेल्या अशा कित्येक पुस्तकांची फाईल कुठल्यातरी बंद पडलेल्या डीटीपी सेंटरच्या कपाटात असू शकते. मालकाने घर बदललं की ते कपाट रिकामं होतं. महानुभावांनी आपले ग्रंथ जाणूनबुजून कुलपात ठेवले आणि किल्ली सांभाळली. आपण नकळत कुलूप लावलं आणि किल्ली टाकून दिली.

हे आजच का निकडीचं आहे? भाषा शिकलेली यंत्रं आता पत्रं लिहितात, भाषांतर करतात, बोलून दाखवतात. त्यांना जो मजकूर वाचता आला त्यातूनच ती भाषा शिकतात. जे युनिकोडमध्ये नाही ते त्यांच्यासाठी लिहिलंच गेलेलं नाही. आमच्याकडचा माणूस “काय करून राहिला?” असं विचारतो, “मले सांग” म्हणतो, “माह्या घरी ये” म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडची झाडीबोली आणखी निराळी. हे मराठी नाही का? शंभर वर्षांचं विदर्भातलं लेखन वाचता येण्याजोगं झालं नाही, तर उद्या आमची नातवंडं ज्या यंत्राशी बोलतील त्याला नागपूरचं मराठी चुकीचं वाटेल आणि ते दुरुस्त करून देईल. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा जाहीर केला तेव्हा आम्ही पेढे वाटले. ज्या प्रदेशात तिचं पहिलं गद्य जन्मलं त्या प्रदेशाची आजची बोली अशी पुसली जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

आवाजांची गोष्ट याहून नाजूक आहे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं तबकडीवर आलं. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागला आणि गायकांनी ते करून दाखवलं. ग्रामोफोन कंपन्या मोजक्याच कलावंतांना बोलवायच्या. कॅसेट आली तेव्हा हे दार सताड उघडलं. १९८० च्या दशकात छोट्याशा खोलीत, थोड्या पैशांत गाणं ध्वनिमुद्रित होऊ लागलं, आणि ज्यांना कोणत्याही कंपनीने कधी बोलावलं नसतं अशा शाहिरांचे, भजनी मंडळांचे, कव्वालांचे आवाज घराघरांत गेले.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जो गेला आहे त्याला हे सांगायला नको. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या त्या जागी दरवर्षी पुस्तकांची दुकानं लागतात, आणि त्यांच्या शेजारी कॅसेटची लागायची. प्रत्येक दुकानातून वेगळं भीमगीत ऐकू यायचं. खेड्यातून आलेली बाई कनवटीचे पैसे सोडून आधी पुस्तक घ्यायची, मग कॅसेट. पुढे सीडी आल्या, मग पेन ड्राईव्ह आणि मेमरी कार्ड, आता सगळं फोनवर. पण फोनवर जे आहे ते निवडक, ज्याला कोणी ना कोणी वर चढवलं तेवढंच. चारशे-पाचशे प्रती काढून थांबलेल्या कॅसेटा, ज्यांच्या गायकाचं नाव त्याच्या तालुक्याबाहेर गेलं नाही, त्या आज कुठे आहेत? आमच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली फीत आकसते, पावसाळ्यात तिला बुरशी चढते, काही फितींचा थर सुटून हेडला चिकटतो. साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला साठ मिनिटंच लागतात, ते काम घाईने होत नाही, आणि त्याआधी फीत स्वच्छ करून हेडचा कोन जुळवावा लागतो, नाहीतर वरचे स्वर बोदे येतात. हे जाणणारे दुरुस्ती करणारे कारागीर सीताबर्डीच्या दुकानांतून एकेक करून उठले.

नागपूर आकाशवाणी १९४८ सालची. तिचं वेगळं महत्त्व आहे, आणि ते नवीन पिढीला कोणी सांगितलेलं नाही. १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी १००० किलोवॅटचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक नागपूरचा होता, १५६६ किलोहर्ट्झवर. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून फार दूर जातात आणि नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून रात्रभर देशाशी बोलण्यासाठी हे शहर निवडलं गेलं. ती वाहिनी २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली. तारखातं त्याआधीच, १५ जुलै २०१३ पासून बंद झालं होतं. शब्दागणिक पैसे पडत म्हणून तारेने माणसांना चार शब्दांत दुःख सांगायला शिकवलं. दारात तारवाला दिसला की बायका आधी रडू लागत, मग तार वाचली जाई. या दोन्ही गोष्टींच्या वस्तू दालनात सहज मांडता येतील.

काही कला मात्र नवं साधन आलं तरी मेल्या नाहीत, त्यांनी त्यालाच आपल्यात घेतलं, आणि त्यांचीही नोंद हवी. नागपुरात मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याला “इडा-पिडा घेऊन जा गे मारबत” म्हणत अख्खा महाल-इतवारी रस्त्यावर येतो. सोबतच्या बडग्यांच्या, म्हणजे टीका करणाऱ्या पुतळ्यांच्या, गळ्यात सरकारपासून महागाईपर्यंत ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव लिहिलेली पाटी. वर्तमानपत्रात ज्यांचं पत्र कधी छापून आलं नाही त्या वस्त्यांचं हे जाहीर मत आहे. पूर्वी त्या पाट्या पेंटर रंगवायचे, आता फ्लेक्स निघतो, आणि मिरवणूक संपली की सगळं जळतं किंवा कचऱ्यात जातं. दरवर्षी त्या पाट्यांचे नुसते फोटो काढून तारखेसह ठेवले असते तर या शहराच्या मनाचा केवढा इतिहास हाती असता! चितारओळीत गणपतीच्या मूर्ती घडवणारी घरं आहेत, त्यांच्या हातचे डोळे रेखण्याचे प्रकार, रंगांचे हिशेब कोणी लिहून घेतलेले नाहीत. तिकडे वडसा-देसाईगंज भागात धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. दंडार या लोकनाट्यातून आलेल्या या रंगभूमीने माईक घेतला, ऑक्टोपॅड घेतलं, जाहिरातीला मोबाईल घेतला, आणि प्रेक्षक तिकीट काढून आजही येतो. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा कळलं. तिथल्या नाटकांच्या संहिता वह्यांत आहेत, प्रॉम्प्टरच्या हातच्या वह्यांत, घामाने आणि तेलाने डागाळलेल्या. त्यांची दुसरी प्रत नाही.

नक्कल केली की काम झालं असं कोणी समजू नये, म्हणून अजिंठ्याची हकिगत आठवण करून देतो. आपल्याला ती ठाऊक आहे, तरी वाचकांसाठी. मेजर रॉबर्ट गिल याने कित्येक वर्षं राबून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. शिवाय नक्कल करताना चित्र उठून दिसावं म्हणून मूळ भिंतींवर वार्निश चढवलं, ते पुढे पिवळं पडलं आणि मूळ चित्रांनाच बाधलं. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. स्कॅन करण्यासाठी पुस्तकाची शिवण उसवू नये, फितीवर प्रयोग करू नयेत. आणि प्रती एकाच इमारतीत ठेवू नयेत. नागपुरात एक, रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठात एक, मुंबईत एक, असं काहीतरी आधीच ठरवावं.

निधीचा प्रश्न येणार हे मी जाणतो. पण या कामाची सुरुवात इमारतीने करायची नाही. एक स्वच्छ, थंड खोली, दोन चांगले कॅसेट डेक, एक वरून फोटो काढणारा स्कॅनर, जुने फॉन्ट घातलेले दोन जुने संगणक आणि चार शिकाऊ मुलं, एवढ्यावर पहिलं वर्ष निघेल. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये बदल करणारी साधनं आहेत. ती अक्षरं बदलतात, चुकाही करतात, म्हणून प्रत्येक पान माणसाने वाचावं लागेल. रफार हमखास सरकतो, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, ‘ऱ्या’चा चुराडा होतो. नागपुरात निवृत्त शिक्षक आणि मुद्रितशोधक पुष्कळ आहेत, त्यांना हाक दिली तर ते येतील. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून उभा आहे, त्यांच्याकडची माहिती आणि माणसं सोबत घ्यावीत. तयार झालेला मजकूर आणि आवाज लेखकांच्या आणि त्यांच्या वारसांच्या संमतीने सर्वांसाठी खुला ठेवावा, पैसे भरून उघडणाऱ्या कपाटात तो पुन्हा बंद करू नये. संमतीपत्र मराठीत, साध्या शब्दांत असावं, आणि गायकाच्या घरी जाऊन वाचून दाखवावं.

आणि सगळ्यांत आधी माणसांच्या मुलाखती घ्याव्यात. वस्तू वर्षभर थांबतील. जुळारी, छपाईसाठी चित्रांचे ब्लॉक करणारे, पाट्या रंगवणारे पेंटर, तारखात्यातले कर्मचारी, कॅसेट काढणारे, मोडी वाचणारे, झाडीपट्टीतले प्रॉम्प्टर, यांच्यासमोर माईक आणि कॅमेरा ठेवून त्यांच्या हातांचं काम चालू असताना टिपावं. जुळाऱ्याला नुसतं “तुमच्या काळाबद्दल सांगा” म्हटलं तर तो संकोचून दोन वाक्यं बोलेल. त्याच्या हातात स्टिक द्या, समोर केस ठेवा, मग पाहा तो काय काय सांगतो.

माझ्याकडे देवनागरीच्या दोन पूर्ण केसा आहेत, एक गॅली, चिमटे, प्रुफांचे काही गठ्ठे आणि जुन्या फॉन्टांच्या सीडी आहेत, त्यातल्या बऱ्याच अजून उघडतात. केंद्र सुरू करण्याचं लेखी ठरलं की हे सगळं मी संग्रहालयाला विनामूल्य देईन. माझ्या ओळखीचे तीन जुळारी मुलाखत द्यायला तयार आहेत, त्यातल्या एकांची प्रकृती बरी नाही, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात व्हावी. दालनातल्या वर्णनपाट्यांचं मुद्रितशोधनही मी करून देईन, आणि रूपांतरित मजकूर तपासायला आठवड्यातले चार दिवस सकाळी येऊन बसेन. कोणत्या महिन्यापासून यायचं तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
महाल, नागपूर